लोबॉल पोकर: नव्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधा पोकर येतो, जोडी, तिकडी, फ्लश ही उतरंड तोंडपाठ आहे, पण लोबॉलच्या टेबलावर बसलं की हातातले पत्ते चांगले की वाईट हेच उमगत नाही. अशा खेळाडूंकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बरीचशी उत्तरं ‘ड्यूस-टू-सेव्हन’ या प्रकाराबद्दल आहेत, कारण लोबॉलचा विचार त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. बाकीचे प्रकार नंतर येतील. टक्केवारी ५२ पत्त्यांच्या कॅटवर मोजली आहे आणि फक्त आपल्या हातातले पत्ते माहीत आहेत असं धरलं आहे.

लोबॉल म्हणजे नक्की काय?

ज्या पोकरमध्ये सगळ्यात कमी हात जिंकतो तो लोबॉल. बेट, कॉल, रेज, फोल्ड, पॉट हे सगळं नेहमीसारखंच. फक्त उतरंड उलटी. एरवी ज्या जोडीवर आपण खूश होतो ती इथे नको असते. राजा आणि राणी हे इथे टाकायचे पत्ते, आणि दुर्री-तिर्रीला खरा मान.

मग सगळ्यात चांगला हात कोणता? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सगळ्यांचंच बरोबर असतं, कारण नियमांचे तीन वेगळे संच आहेत. टेबलावर बसण्याआधी आपण कोणता खेळतोय हे विचारून घ्या.

ड्यूस-टू-सेव्हनमध्ये एक्का नेहमी सगळ्यात मोठा, आणि स्ट्रेट व फ्लश तुमच्या विरोधात धरले जातात. म्हणून सर्वोत्तम हात ७-५-४-३-२, तोही एकाच रंगाचा नसलेला. या प्रकाराला कॅन्सस सिटी लोबॉल असंही म्हणतात.

एस-टू-फाइव्हमध्ये एक्का सगळ्यात लहान, आणि स्ट्रेट किंवा फ्लशकडे कुणी पाहत नाही. त्यामुळे सर्वोत्तम हात ५-४-३-२-एक्का. त्याला ‘व्हील’ म्हणतात.

एस-टू-सिक्समध्ये एक्का लहान, पण स्ट्रेट आणि फ्लश विरोधात. तिथे ६-४-३-२-एक्का पहिला येतो. हा प्रकार कमी खेळला जातो.

ड्यूस-टू-सेव्हनमध्ये नवा माणूस हमखास अडखळतो अशी एक जागा सांगून ठेवतो. तिथे एक्का-५-४-३-२ हा स्ट्रेट नाही, कारण एक्का खाली बसतच नाही. तो फक्त ‘एक्का-हाय’ हात. दुर्रीच्या जोडीला तो हरवतो, पण कुठल्याही राजा-हाय हाताकडून हरतो.

दोन हातांपैकी कमी कोणता हे पटकन कसं ओळखायचं?

हात वरून खाली वाचा. आधी सगळ्यात मोठा पत्ता, तो सारखा असेल तर त्याखालचा, असं उतरत जा. ७-६-५-४-२ आणि ८-५-४-३-२ समोरासमोर आले तर पहिला जिंकतो, दुसऱ्याचे खालचे चार पत्ते कितीही देखणे असले तरी. अठ्ठी हरली, विषय संपला.

म्हणूनच टेबलावर हाताची नावं ‘आठ-पाच’, ‘नऊ-सात’ अशी वरच्या दोन पत्त्यांवरून घेतात. ८-५ हा ‘स्मूथ’ आठ, ८-७ हा ‘रफ’ आठ. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सुरुवात कोणत्या प्रकारापासून करावी?

माझं मत विचाराल तर ड्यूस-टू-सेव्हन ट्रिपल ड्रॉ, लिमिट बेटिंगचा. तीन वेळा पत्ते बदलायला मिळतात, प्रत्येक वेळी समोरचा किती बदलतो ते दिसतं, आणि बेटची रक्कम ठरलेली असल्यामुळे एका चुकीत सगळ्या चिप्स जात नाहीत. नो-लिमिट (बेटला मर्यादा नसलेला) सिंगल ड्रॉ सुंदर खेळ आहे, पण तिथे प्रत्येक चूक फार महाग पडते.

ट्रिपल ड्रॉचा एक डाव कसा चालतो?

वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच्या सक्तीच्या बेट, लावतात. प्रत्येकाला पाच पत्ते, सगळे उपडे. बेटिंगची पहिली फेरी, मग पहिला ड्रॉ: हवे तितके पत्ते टाकून तितकेच नवे घ्यायचे. पुन्हा बेटिंग, दुसरा ड्रॉ, बेटिंग, तिसरा ड्रॉ, आणि शेवटची बेटिंग. म्हणजे तीन ड्रॉ आणि चार फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत बेट लहान, शेवटच्या दोन फेऱ्यांत दुप्पट. एकही पत्ता न बदलणं म्हणजे ‘पॅट’ राहणं.

टेबलावर सहसा सहापेक्षा जास्त खेळाडू बसवत नाहीत. सहा जणांतही कधी कधी कॅट संपतो. मग टाकलेले पत्ते पिसून पुन्हा वाटतात.

पहिल्या पाच पत्त्यांवर खेळायचं की सोडायचं, हे कसं ठरवू?

नवे खेळाडू सगळ्यात जास्त हरतात ते याच जागी. ड्रॉ तीन आहेत म्हटल्यावर प्रत्येक हात सुधारेल असं वाटतं. समोरच्यालाही तेच तीन ड्रॉ आहेत, हे मात्र त्या क्षणी मनात येत नाही.

वाटल्या-वाटल्या तयार हात मिळणं दुर्मीळ असतं. सत्तीचा हात साधारण ६३७ डावांत एकदा, आठ किंवा त्याहून चांगला १४२ डावांत एकदा, नऊ किंवा चांगला ४९ डावांत एकदा. म्हणजे व्यवहारात तुम्ही जवळजवळ नेहमीच ड्रॉ घेऊन खेळणार, आणि प्रश्न एवढाच की तो ड्रॉ किती पत्त्यांचा.

एक पत्ता बदलायचा असेल आणि उरलेले चार पत्ते २-३-४-७, २-३-५-७, २-४-५-७ किंवा २-३-६-७ असे असतील तर कुठल्याही जागेवरून रेज करा. आधी कुणी रेज केला असेल तरी पुन्हा रेज करा. दोन पत्ते बदलायचे असतील तर हातात दुर्री आणि सोबत सत्तीच्या आतले आणखी दोन पत्ते हवेत: २-३-४, २-३-७, २-४-७, २-५-७ असे. हे हातही बहुतेक जागांवरून खेळण्यासारखे आहेत. तीन पत्ते बदलायचे असतील, म्हणजे हातात २-३ किंवा २-४ एवढंच असेल, तर फक्त शेवटच्या जागेवरून, सगळ्यांनी फोल्ड केल्यावर, किंवा बिग ब्लाइंडमध्ये स्वस्तात. चार पत्ते बदलायची वेळ आली तर हात सोडून द्या.

दुर्री नसलेले तीन पत्ते, उदाहरणार्थ ३-४-५ किंवा ४-५-६, मी सोडतो. कारण पुढच्या दोन उत्तरांत आहे.

दुर्रीचं एवढं कौतुक का?

मोजून पाहा. ड्यूस-टू-सेव्हनमध्ये सत्तीचे हात फक्त चार: ७-५-४-३-२, ७-६-४-३-२, ७-६-५-३-२ आणि ७-६-५-४-२. चारही हातांत दुर्री आहे. पाचवा झाला असता तो ७-६-५-४-३, पण तो स्ट्रेट. अठ्ठीचे हात १४, त्यांपैकी १० मध्ये दुर्री आहे. म्हणजे आठ किंवा त्याहून चांगल्या १८ हातांपैकी १४ दुर्रीशिवाय होतच नाहीत. दुर्री हातात नसेल तर पहिल्या चार हातांचं दार आधीच बंद झालेलं असतं, आणि ती मिळवण्यात एक ड्रॉ खर्ची पडतो.

३-४-५-६ हा एका पत्त्याचा ड्रॉ वाईट का? सगळे पत्ते तर लहान आहेत.

दिसायला इतका छान आणि खेळायला इतका वाईट हात क्वचित सापडेल. दुर्री आली तर स्ट्रेट. सत्ती आली तरी स्ट्रेट. कामाची एकटी अठ्ठी, तिचे चार पत्ते. याउलट २-३-४-७ ला पंजी, छक्की आणि अठ्ठी तिन्ही चालतात, म्हणजे १२ पत्ते. दोन्ही हातांत एकच पत्ता बदलायचा आहे, पण एकाचे कामाचे पत्ते दुसऱ्याच्या तिप्पट.

मधले प्रकारही तपासून ठेवा. २-३-४-५ ला छक्की चालत नाही, सत्ती आणि अठ्ठी चालतात, म्हणजे ८ पत्ते. तिथे सत्ती आली की थेट पहिल्या क्रमांकाचा हात होतो, म्हणून तो हात मी खेळतो. ३-४-५-७ ला दुर्री आणि अठ्ठी मिळून ८. ४-५-६-७ ला फक्त दुर्री, म्हणजे ४. पत्ते सलग असणं इथे दोषच मानायचा, मध्ये फट असलेली बरी.

एक पत्ता बदलणं आणि दोन बदलणं यात खरंच एवढा फरक आहे?

एकच ड्रॉ उरला आहे असं धरा. २-३-४-७ वर एक पत्ता घेतला तर आठ किंवा चांगला हात होण्याची शक्यता ४७ पैकी १२, म्हणजे सुमारे २५.५ टक्के. २-३-७ वर दोन पत्ते घेतले तर तीच शक्यता सुमारे ९ टक्के. जवळजवळ तिपटीचा फरक.

दोन ड्रॉ उरले असतील तर एक पत्त्याच्या ड्रॉची शक्यता ४५ टक्क्यांवर जाते, तीन उरले असतील तर साठाच्या आसपास.

यातून खेळताना लगेच उपयोगी पडणारी गोष्ट निघते. दुसरा ड्रॉ झाला, बेट दुप्पट झाली, पॉटमध्ये समोरच्याच्या बेटसकट ६ मोठ्या बेट आहेत आणि तुम्हाला १ भरायची आहे. एक पत्ता हवा असेल तर भरा. तीनास एक अशी अडचण आहे आणि पॉट सहास एक देतो. दोन पत्ते हवे असतील तर अडचण दहास एक आहे, तेव्हा फोल्ड करा. ‘इथवर आलोच आहे तर’ म्हणून भरलेल्या या एका मोठ्या बेटमध्ये अनेकांची संपूर्ण संध्याकाळची कमाई जाते. मला हे फार कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण ही चूक एकट्या डावात लहान दिसते आणि रात्रभरात दहा वेळा होते.

पोझिशनचा, म्हणजे आपली पाळी आधी की नंतर याचा, इथे उपयोग काय? समोरचे पत्ते तर दिसतच नाहीत.

पत्ते दिसत नाहीत, पण किती बदलले ते दिसतं. शेवटी ड्रॉ घेणाऱ्याला स्वतःचा निर्णय घेण्याआधी समोरच्याने दोन बदलले, एक बदलला की पॅट राहिला हे कळलेलं असतं. उघडा पत्ता एकही नसलेल्या खेळात हीच सगळ्यात पक्की बातमी, आणि ती रोज फुकट मिळते. दश्शीचा हात ठेवायचा की मोडायचा हे त्यावरच ठरतं. आधी ड्रॉ घेणाऱ्याला तोच निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. म्हणून लवकरच्या जागांवरून मोजके हात खेळा आणि बटनवरून, म्हणजे वाटणाऱ्याच्या शेवटच्या जागेवरून, हात थोडा सैल सोडा.

तयार हात मिळाला, पण नऊ किंवा दहाचा आहे. पॅट राहू की मोडू?

लोबॉलचा गाभा या प्रश्नात आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

दोन गोष्टी बघायच्या: किती ड्रॉ उरले आहेत, आणि समोरचा किती पत्ते बदलतोय. आपला हात ‘चांगला’ आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

तुमच्याकडे रफ नऊ आहे, ९-८ वाला. समोरचा २-३-४-७ सारख्या हातावर एक पत्ता बदलतोय. शेवटचा ड्रॉ असेल तर त्याला तुमच्यावर मात करणारे पत्ते पंजी, छक्की, अठ्ठी आणि नव्वी. नव्वी आली तरी त्याचा ९-७ तुमच्या ९-८ ला हरवतो. एकूण १६ पत्ते, ३४ टक्के. तुम्ही तीनपैकी दोनदा जिंकता, तेव्हा बिनधास्त पॅट राहा.

आता तोच हात, तोच समोरचा, पण दोन ड्रॉ उरले आहेत. त्याला हेच १६ पत्ते दोन वेळा शोधायचे आहेत, आणि ती शक्यता ५७ टक्क्यांच्या आसपास जाते. तयार हात तुमच्याकडे असूनही तुम्ही मागे आहात. ९-८-४-३-२ असेल तर नव्वी टाकून ८-४-३-२ वर एक पत्ता घेणं मला पटतं. मोडल्यावर हातात धड ड्रॉ उरत नसेल, समजा ९-८-७-६-२, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी पॅट राहून नशिबावर सोडणं बरं, कारण मोडून दोन-तीन पत्ते शोधत बसणं त्याहून वाईट.

समोरचा दोन पत्ते बदलत असेल तर चित्र पालटतं. एका ड्रॉत दोन्ही पत्ते बरोबर येणं किती अवघड ते वर पाहिलं. त्याच्यासमोर नऊ मजबूत आहे, दहाही बहुतेकदा ठेवण्यासारखा.

आणि समोरचा स्वतःच पॅट असेल तर? त्याने पहिल्यापासून रेज करत पॅट धरला असेल तर दहाचा हात घेऊन त्याच्यासमोर पॅट राहण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे बहुतेक त्याहून चांगलं आहे. तुमच्या दहाखाली चांगला ड्रॉ असेल तर मोडा.

शेवटच्या ड्रॉला एक पत्ता घेणाऱ्यासमोर सीमारेषा गुलामाच्या आसपास पडते. २-३-४-७ ला गुलाम किंवा त्याहून कमी हात देणारे पत्ते २४ आहेत, म्हणजे ४७ पैकी निम्मे. त्यामुळे दहाचा हात पुढे, गुलामाचा जवळजवळ बरोबरीत, राणीचा मागे. टेबलावर कागद-पेन्सिल नसते, पण एवढं वाक्य पाठ असलं तर ऐनवेळी गडबड होत नाही.

बेट कधी करायची?

ड्रॉ चालू असताना साधा नियम पाळा: समोरच्यापेक्षा कमी पत्ते बदलत असाल तर बेट करा. तुम्ही एक घेतलात, त्याने दोन घेतले, तर तुम्ही पुढे आहात. त्याच्याकडून पैसे मागायची वेळ हीच. तुमचा पत्ता चुकला असेल तरीही बेट करा, कारण बहुतेक वेळा त्याचाही चुकलेला असतो आणि ड्रॉच्या शर्यतीत तुम्ही अजून पुढेच असता. उलट तुम्ही दोन घेणारे आणि तो एक घेणारा असेल तर चेक करा. त्याने बेट केली तर वरचं गणित लावा.

शेवटच्या ड्रॉनंतर माझ्याकडे नऊ आहे. बेट करू का?

आता पुढे सुधारणा नाही, त्यामुळे ‘मी पुढे आहे का’ एवढं विचारून भागत नाही. कॉल कोण करेल हे विचारा.

तुम्ही ९-७ घेऊन पॅट होता, बोलण्याची पहिली पाळी तुमची, समोरच्याने एक पत्ता घेतला. त्याची जोडी लागली किंवा राजा आला तर तो फोल्ड करणार. ती बेट तुम्हाला काहीच देत नाही. त्याला आठ किंवा चांगलं देणारे पत्ते १२, आणि तिथे तो रेजही करेल. तुमच्यापेक्षा वाईट असून कॉल करेल असे पत्ते म्हणजे दश्शी आणि गुलाम, मिळून ८. हिशेब बेटच्या बाजूने बसत नाही. म्हणून मी इथे चेक करतो आणि त्याने बेट केली तर कॉल करतो. त्यात त्याचे ब्लफही सापडतात. आठचा हात असता तर बेट केली असती, कारण मग कॉल करणारे वाईट हात वाढतात.

तोच आधी बोलणार असेल आणि त्याने चेक केला, तर नऊवर बेट करा. आठ लागलेला माणूस सहसा चेक करत नाही.

‘स्नो’ करणं म्हणजे काय?

हातात काहीच नसताना पॅट राहून ब्लफ करणं. कधीही, कुठल्याही हाताने करायची गोष्ट ही नाही. २-२-२-४-४ वाटले गेले असं समजा. हात म्हणून बेकार, पण चारपैकी तीन दुर्री तुमच्याकडे आहेत, आणि सत्तीचा एकही हात दुर्रीशिवाय होत नाही हे आपण पाहिलं. समोरच्याला मोठा हात लागणं अवघड झालं आहे. अशा वेळी पहिल्यापासून रेज करा, पहिल्याच ड्रॉला पॅट राहा, आणि प्रत्येक फेरीत बेट करा. खऱ्या सत्तीने जशा बेट केल्या असत्या अगदी तशाच. मध्ये एकदा चेक केला की गोष्ट जुळत नाही आणि समोरचा कॉल करतो.

ड्रॉ घेताना लहान पत्त्यांच्या जोड्या लागत गेल्या तर तुम्ही टाकलेले पत्तेही लक्षात ठेवा. दोन तिऱ्या आणि दोन चौके तुमच्या हातून गेले असतील तर ते समोरच्याच्या हातात नाहीत. स्नो करायची योग्य वेळ बरेचदा इथेच असते. कॉल करण्यासाठीच बसलेल्या खेळाडूवर मात्र कधीच स्नो करू नका.

नो-लिमिट सिंगल ड्रॉमध्ये काय वेगळं करावं लागतं?

एकच ड्रॉ, दोनच फेऱ्या. दोन पत्ते बदलून खेळायचे हात जवळजवळ सगळे सोडावे लागतात. पॅट नऊ हा भक्कम हात होतो आणि पॅट दहाही चांगला, कारण दहा किंवा त्याहून चांगला हात २१ डावांत एकदाच वाटला जातो. आधी मोठा रेज करून समोरच्या ड्रॉकडून किंमत वसूल करायची, हा इथला मुख्य विचार. पोझिशनचं वजनही आणखी वाढतं.

लोबॉलमध्ये आयुष्य घालवलेल्या खेळाडूंची नावं विचाराल तर बिली बॅक्स्टर यांचं नाव घ्यावं लागेल. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची त्यांची सातही ब्रेसलेट (विजेत्याला मिळणारी कडी) लोबॉलच्या स्पर्धांतली आहेत, आणि २००६ मध्ये त्यांचा पोकर हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एकाच कुळातल्या खेळांवर अशी पकड बसवता येते, हे मला फार उमेद देणारं वाटतं.

एस-टू-फाइव्ह खेळताना हेच सगळं चालेल का?

विचाराची पद्धत चालेल, आकडे बदलतील. एक्का खाली आल्यामुळे आणि स्ट्रेटची भीती गेल्यामुळे सगळे हात एक पायरी चांगले होतात. एक्का-२-३-४ वर एक पत्ता घेतला तर आठ किंवा चांगलं करणारे पत्ते १६, म्हणजे ३४ टक्के. एक पत्ता घेणाऱ्यासमोरची सीमारेषाही गुलामावरून दहावर सरकते. ड्यूस-टू-सेव्हनमध्ये ठेवला असता तो गुलाम इथे मोडावा लागतो.

हा कॅलिफोर्नियाच्या कार्डरूमचा जुना खेळ. १९८७ पर्यंत तिथे स्टड आणि होल्डेम चालत नसत, ड्रॉ पोकर आणि लोबॉल हेच मुख्य. तिथे ५३ वा पत्ता म्हणून जोकर घेतात. तुमच्या हातात नसलेला सगळ्यात लहान पत्ता म्हणजे जोकर, त्यामुळे जोकरचा ड्रॉ नेहमी जोरात खेळा. तिथल्या लिमिट खेळात सत्ती किंवा चांगला हात असेल तर ड्रॉनंतर बेट करावीच लागते अशीही प्रथा आहे. चेक केलात तर त्यानंतरच्या बेटिंगचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत. नव्या टेबलावर हा नियम आहे का ते आधी विचारा.

रॅझ हाही लोबॉलच का?

हो. सात पत्त्यांचा स्टड, हात एस-टू-फाइव्हप्रमाणे मोजायचा. इथे ड्रॉ नाही, पण काही पत्ते उघडे असतात. सुरुवातीला तीन वेगवेगळे पत्ते हवेत, तिन्ही अठ्ठी किंवा त्याखालचे. ज्याचा उघडा पत्ता सगळ्यात मोठा त्याला पहिली सक्तीची बेट भरावी लागते. पुढच्या फेऱ्यांत सगळ्यात लहान उघडे पत्ते असणारा आधी बोलतो.

इथलं कौशल्य इतरांचे उघडे पत्ते वाचण्यात आहे. तुम्हाला हवे असलेले पत्ते दुसऱ्यांसमोर पडलेले दिसले तर हात कमजोर. तुमच्याकडे आधीच असलेले पत्ते दुसऱ्यांसमोर दिसले तर उत्तम, कारण जोडी लागण्याची भीती कमी झाली. फोल्ड झालेले पत्ते उचलले जातात, तेव्हा ते उचलण्याआधीच मनात नोंदवा.

बडुगीबद्दलही ऐकलं आहे.

चार पत्त्यांचा खेळ, तीन ड्रॉ. चारही पत्ते वेगळ्या किमतीचे आणि वेगळ्या रंगाचे हवेत: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर प्रत्येकी एक. सर्वोत्तम हात एक्का-२-३-४, चार रंगांत. ट्रिपल ड्रॉ येत असेल तर पोझिशन आणि पॅट-मोडीचा विचार जसाच्या तसा उपयोगी पडतो.

माझं सगळं बरोबर असूनही मी सतत हरतो. काय चुकतंय?

लोबॉलमध्ये उत्तम ड्रॉसुद्धा एका प्रयत्नात चारपैकी तीनदा आठपर्यंत पोचत नाही, आणि तेवढ्यात चारपैकी एकदा जोडी लागते. तेव्हा सलग सात-आठ डाव चुकले तरी त्याचा अर्थ लगेच काढू नका. हरलेल्या डावांत तुम्ही किती पत्ते बदलून पैसे भरत होता ते तपासा. दुसऱ्या ड्रॉनंतर दोन पत्ते घेण्यासाठी मोठ्या बेट भरल्या असतील, दुर्री नसलेले हात लवकरच्या जागेवरून खेळला असाल, किंवा पॅट माणसासमोर रफ दहा धरून बसला असाल, तर कारण तिथे आहे. यांपैकी काहीच नसेल तर खेळत राहा. डाव लहान ठेवा, आणि हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी बेट वाढवू नका.

एकट्याने सराव कसा करायचा?

एक कॅट घ्या, पिसा, पाच पत्ते वाटा. तीन सेकंदांत ठरवा: किती बदलणार, आणि पहिल्या जागेवर असतो तर खेळलो असतो का. असे शंभर हात करा. मग चार पत्ते बाजूला काढा आणि त्यांचे कामाचे पत्ते मोठ्याने मोजा. २-४-६-७ ला कोणते चालतात? तिर्री, पंजी, अठ्ठी, म्हणजे बारा. ३-५-६-७ ला? दुर्री चालते, अठ्ठी चालते, चौका आला तर स्ट्रेट, म्हणजे आठ. हे न अडखळता होऊ लागलं की दोन हात समोरासमोर वाटा. एक पॅट नऊ, दुसरा एक पत्त्याचा ड्रॉ. ड्रॉवाल्याला दोनदा पत्ता घेऊ द्या आणि पन्नास वेळा निकाल लिहून काढा. मग त्याला एकदाच पत्ता देऊन पुन्हा पन्नास वेळा. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून बघा.